सुईत औषध नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या दवाखान्यात तासभर बसा, एक वाक्य हमखास कानावर पडेल: "डाक्टरसाहेब, एक सुई देऊन द्या ना." ताप असो, अंग मोडून आलेलं असो की कंबर धरलेली असो, सुई मिळाली म्हणजे उपचार झाला, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. आणि सुईचं सगळं बळ तिच्यातल्या औषधात असतं, याबद्दल तर कुणाच्या मनात शंकाच नसते.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मात्र आता एक वेगळीच सुई भेटते. ती भरीव असते. आत पोकळी नाही, मागे सिरिंज नाही, औषधाचा थेंब नाही. रक्त काढायची नेहमीची सुई साधारण ०.८ मिलिमीटर जाड असते. ही जेमतेम ०.२५ ते ०.३० मिलिमीटर. इंजेक्शनच्या सुईचं टोक बोरूसारखं तिरकं कापलेलं असतं, हिचं टोक निमुळतं असतं. त्यामुळे ती मांस कापत जात नाही, बाजूला सारत जाते. फिजिओथेरपिस्ट बोटांनी स्नायू चाचपतो, एक गाठ शोधून चिमटीत धरतो आणि सुई आत सरकवतो. सुई नेमक्या जागी पोचली की कातडीखालचा स्नायू क्षणभर फडफडतो, गळाला मासा लागावा तसा. बऱ्याच जणांना त्यानंतर त्या जागेचा ताण उतरल्यासारखा वाटतो; आखडलेली मान आधीपेक्षा जास्त वळते.

या उपचाराला ड्राय नीडलिंग म्हणतात. ड्राय म्हणजे कोरडी सुई, जिच्यातून शरीरात काहीच जात नाही. मग आराम येतो तो कुठून? या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण आपल्याच स्नायूच्या आत जाऊन पोचतो, आणि तिथं जे चाललेलं असतं ते पाहून थक्क व्हायला होतं.

दहा हजार बोंडं

सुरुवात शेतातून करू. दसऱ्याच्या आसपास बोंडं फुटू लागतात. सीतादही होतं, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो आणि वेचणी सुरू होते. राळेगाव, कळंब, वणी, मारेगाव, पांढरकवडा, सगळीकडे सकाळचं चित्र एकच: घरचा स्वयंपाक उरकून, भाकरी बांधून निघालेल्या बाया. कमरेला फडक्याची ओटी बांधायची आणि तासात शिरायचं. मजुरी दिवसावर नसते, किलोवर असते. म्हणून हात थांबत नाही.

एक साधा हिशेब करून पाहा. एका बोंडातून साधारण ४ ग्रॅम कापूस निघतो. ४० किलो कापूस वेचायचा तर १०,००० बोंडं वेचावी लागतात. दहा हजार वेळा हात पुढे जातो, बोटं वाळल्या टोकदार पाकळ्यांतून कापूस ओढून घेतात आणि हात ओटीकडे वळतो. पाठ अर्धी वाकलेली, मान पुढे झुकलेली, खांदे किंचित उचललेले. या सगळ्या वेळात मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला मोठा स्नायू काहीच उचलत नसतो. तो फक्त हाताला अधांतरी धरून ठेवत असतो, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत.

कष्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाठीवरचं पोतं येतं. पण पोतं खाली ठेवता येतं. आपलाच हात अधांतरी धरून ठेवण्याचं हे हलकं, न संपणारं काम खाली ठेवता येत नाही. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईचं हेच, दिवसभर संगणकापुढे असलेल्या कारकुनाचं हेच, फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांचं हेच आणि मोबाइलवर मान घालून बसलेल्या पोराचंही हेच.

या दुखण्यासाठी मराठीनं किती शब्द घडवलेत ते पाहा. पाठ भरून येते, मान अवघडते, खांदा आखडतो, कंबर धरते, बरगडीत उसण भरते, पोटरीत गोळा येतो किंवा वांब येतो. हे शब्द कापल्या-भाजल्याच्या वेदनेचे नाहीत. भरणं, धरणं, आखडणं, गोळा होणं. कुणीतरी आत मूठ आवळली आहे आणि ती सुटत नाही, हे निदान भाषेनं कधीच करून ठेवलं आहे. त्यावरचे घरगुती उपायही त्याच समजुतीतले: तेल लावून गरम केलेलं रुईचं पान, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, उसण भरलेल्या पाठीला पायाळू माणसाचा पाय. सगळ्यांचा रोख एकच, आवळलेलं सोडवण्याकडे.

पण ही मूठ सुटत का नाही?

सोडायलाही ताकद लागते

स्नायूचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यावर आडवे पट्टे दिसतात. हे पट्टे म्हणजे एकापुढे एक मांडलेले कप्पे. प्रत्येकाला सार्कोमिअर म्हणतात. एका कप्प्याची लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अडीचपट. एक सेंटिमीटर लांबीच्या तंतूत असे ४,००० कप्पे बसतात. कप्प्यात दोन जातींचे धागे असतात, ॲक्टिन आणि मायोसिन. मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन सुटतं, तंतूच्या आतल्या कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडतं, आणि मायोसिनची इवलाली मुंडकी ॲक्टिनला धरून ओढू लागतात, विहिरीचा दोर हातावर हात टाकत ओढावा तशी. कप्पे आखूड होतात आणि हात हलतो.

खरी नवलाची गोष्ट यापुढची आहे. मुंडक्यानं ॲक्टिनला धरलं की ती पकड आपोआप सुटत नाही. एटीपी नावाचा ऊर्जेचा नवा रेणू येऊन चिकटला तरच मुंडकं पकड सोडतं. सांडलेलं कॅल्शियम परत कोठारात भरायलाही एटीपीच लागतं. माणूस गेल्यावर काही तासांत देह ताठरतो तो याचमुळे: ऊर्जेचा पुरवठा थांबला, पकड सोडवणारं कुणी उरलं नाही.

आपल्याला वाटतं, आवळायला बळ लागतं आणि सैल पडायला काहीच लागत नाही. स्नायूचा कायदा वेगळा आहे. त्याला सोडायलाही ताकद लागते.

आता दिवसभर अधांतरी राहिलेल्या खांद्याकडे वळू. त्यातले काही कप्पे आवळलेले राहतात. आवळलेल्या जागी केसाहून बारीक रक्तवाहिन्या दबतात. रक्त कमी, म्हणून प्राणवायू कमी, म्हणून एटीपी कमी. एटीपी कमी, म्हणून पकड सुटत नाही. पकड सुटत नाही, म्हणून रक्त येत नाही. हे चक्र एकदा फिरू लागलं की माणूस झोपला तरी स्नायूचा तेवढा तुकडा जागाच राहतो. बोटांना तो ताणलेल्या दोरीसारखा लागतो आणि दोरीत एक दुखरी गाठ लागते. फिजिओथेरपिस्ट तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात. बंदुकीच्या चापासारखी, दाबली की वेदना सुटणारी जागा. गाठ कशी बनते याचं हे स्पष्टीकरण अजून पूर्ण सिद्ध झालेलं नाही, पण आजवर मांडलेल्या स्पष्टीकरणांत हे सगळ्यात सुसंगत आहे.

खांद्यात हजारो तंतू असताना आवळून बसतात ते कोणते? स्नायूचे तंतू टोळ्यांनी काम करतात आणि टोळ्यांची पाळी ठरलेली असते. हलक्या कामाला आधी लहान टोळ्या उठतात. जोर वाढला तरच मोठ्या उठतात. जोर कमी झाला की मोठ्या आधी निजतात आणि लहान सगळ्यांत शेवटी. म्हणजे हलकंच, पण दिवसभराचं काम असेल तर त्याच त्या लहान टोळ्या पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत राबत राहतात. १९९१ साली स्वीडनचे संशोधक योरान हेग यांनी या तंतूंना सिंड्रेलाचं नाव दिलं. परीकथेतली ती मुलगी, घरात सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या मागून निजणारी.

हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे परीकथा आली नाही. अंधारात चूल पेटवणारी, दिवसभर वेचणारी, सांजेला कापूस मोजून देऊन पुन्हा चुलीपुढे बसणारी बाई आली. जे तिच्या घरात घडतं, तेच तिच्या खांद्याच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या तंतूंतही घडत असतं.

दुखतं एकीकडे, गाठ दुसरीकडे

एक प्रयोग आत्ता करता येईल. उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवा. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधला जाड भाग अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा आणि हळूच चोळा. आत सुतळीसारखं काही सरकताना लागतंय का? त्यावर एखादी जागा इतर जागांपेक्षा जास्त दुखरी आहे का? ती दाबून दहा सेकंद थांबा. काहींना त्या वेळी मानेच्या बाजूनं वर, कानामागून कानशिलापर्यंत कळ जाताना जाणवेल. बोट खांद्यावर आणि दुखणं डोक्यात.

या भटक्या वेदनेचा पद्धतशीर माग १९३८ साली लंडनमध्ये जॉन केलग्रेन यांनी काढला. त्यांनी स्वयंसेवकांच्या वेगवेगळ्या स्नायूंत तीव्र मिठाचं पाणी टोचलं आणि दुखतंय कुठे ते विचारलं. उत्तरं चकित करणारी होती. टोचलं एका ठिकाणी, दुखणं भलतीकडे. आणि तेही वाटेल तिथे नाही, त्या त्या स्नायूच्या ठरलेल्या मुलखात.

असं का होतं? वेगवेगळ्या जागांचे निरोप पाठीच्या कण्यात एकाच ठाण्यावर येतात. दोन गावांची पत्रं एकाच टपाल कार्यालयात यावीत आणि शिक्का अस्पष्ट असावा, तसं मेंदूला कधी कधी कळतच नाही की पत्र कुठल्या गावचं. तो चुकीच्या पत्त्यावर वेदना नोंदवतो.

हे पत्ते आयुष्यभर जुळवत राहिलेली बाई म्हणजे न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल. जन्म १९०१, मृत्यू १९९७. पाठीच्या दुखण्यानं बेजार झालेले जॉन केनेडी १९५५ साली, सिनेटर असताना, त्यांच्याकडे आले. कण्याची शस्त्रक्रिया होऊनही त्यांचं दुखणं गेलं नव्हतं. ट्रॅव्हेल यांनी त्यांच्या स्नायूंतल्या गाठी शोधून उपचार केले, एक पाय किंचित आखूड आहे हे ओळखून बुटात टाच उंच करून दिली, आणि झुलत्या खुर्चीत बसायला सांगितलं. १९६१ साली केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा ट्रॅव्हेल त्यांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ साली आणि दुसरा १९९२ साली निघाला. त्यात एकेका स्नायूचं चित्र आहे, गाठीची जागा आहे आणि वेदना जिथे पसरते तो भाग लाल रंगात दाखवला आहे.

त्या चित्रांवरून नजर फिरवताना आपलीच दुखणी ओळखू येतात. फऱ्याच्या हाडावरच्या स्नायूत गाठ असेल तर कळ खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडातून खाली जाते. कुल्ल्याच्या खोल स्नायूत असेल तर पायाच्या बाजूनं घोट्यापर्यंत, अगदी सायटिका वाटावी अशी. पोटरीच्या खोल स्नायूत असेल तर टाच दुखते. वर्षानुवर्षं टाचेला बाम चोळणाऱ्याला कुणी पोटरी दाबून दाखवली आणि तीच ओळखीची कळ टाचेत उठली, तर त्याला काय वाटत असेल याची कल्पना करा. आपलं दुखणं खरं आहे, एक्सरेत काही आलं नाही तरी खरं आहे, हे त्याला पहिल्यांदा कुणीतरी बोट ठेवून सांगितलेलं असतं.

रिकाम्या सुईचं काम

ट्रॅव्हेल गाठीत बधिर करणारं औषध टोचत. आराम पडे, आणि श्रेय साहजिकच औषधाला जाई. १९७९ साली प्रागचे डॉ. कारेल लेविट यांनी वेगळाच प्रश्न विचारला. इतक्या वेगवेगळ्या औषधांनी सारखाच आराम पडत असेल, तर सगळ्यांत समान काय आहे? सुई. त्यांनी २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांवर नुसती सुई वापरली आणि ८६.८ टक्के जागांवर तात्काळ आराम नोंदवला. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तो आकडा शेवटचा शब्द ठरत नाही. पण औषध काढून घेतलं तरी परिणाम उरला, ही गोष्ट वैद्यकाच्या नजरेत भरली.

पुढे चांग-झर्न हाँग यांनी १९९४ साली बधिर करणारं औषध आणि कोरडी सुई यांची तुलना केली. दोन्हींनी आराम दिला. महत्त्वाची ठरली ती सुईनं उठणारी फडफड. ज्यांच्या स्नायूत ती उठली नाही त्यांना फारसा फरक पडला नाही. ही फडफड कुठून येते ते पाहायला सशांवर प्रयोग झाले. स्नायूकडे जाणारा मज्जातंतू कापला की ती जवळपास नाहीशी होते. पण मेंदू आणि कणा यांच्यातली वाट कापली, तर धक्का ओसरल्यावर ती परत येते. म्हणजे हा जबाब मेंदू देत नाही, कणा देतो. आपल्याला कळायच्या आधीच स्नायू आणि कणा यांचं बोलणं होऊन गेलेलं असतं.

आत काय बदलतं, हे पाहण्याची युक्ती अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. २००५ साली त्यांनी एका बारीक सुईच्या आतच सूक्ष्म नळ्या आणि पडदा बसवला आणि जिवंत माणसाच्या खांद्याच्या स्नायूतून रेणूंचे नमुने घेतले. दुखऱ्या गाठीभोवतीचं पाणी जास्त आम्लयुक्त होतं. ब्रॅडिकायनिन, सबस्टन्स पी, सीजीआरपी अशी वेदना आणि दाह पेटवणारी रसायनं तिथे वाढलेली होती. आणि त्याच सुईनं फडफड उठल्यावर त्यांतल्या सबस्टन्स पी आणि सीजीआरपीचं प्रमाण खाली आलं. ज्या दुखण्याला कित्येकदा मनाचे खेळ म्हटलं गेलं, त्याचा रासायनिक ठसा सापडला होता.

सुईचा एक परिणाम कण्यातही होतो असं मानलं जातं. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की कण्यात वेदनेसाठी जणू एक दार असतं. दुसरी जाणीव आली की ते काही प्रमाणात लोटलं जातं. ठेच लागली की आपण पाय चोळतो, ते उगीच नाही.

हे सगळं वाचताना मला पुन्हा पुन्हा डवरणी आठवते. यवतमाळ हा मुख्यतः कोरडवाहू जिल्हा आहे. पाऊस ओढ देतो, काळ्या जमिनीवर पापुद्रा धरतो, भेगा पडू लागतात. शेतकऱ्याजवळ द्यायला पाणी नसतं. तो बैलांमागे डवरा धरतो आणि वरचा थर फोडून भुसभुशीत करतो. थेंबभर पाणी न देता पिकाला तजेला येतो, कारण जमिनीत होती ती ओल टिकते. म्हणून जुनी माणसं एका डवरणीला अर्धं पाणी म्हणतात. कोरडी सुई हे तसंच काम करते. ती बाहेरून काही ओतत नाही. आवळलेलं फोडते आणि शरीरात आधीपासून असलेल्या रक्ताला, ऊर्जेला, रसायनांना त्यांची वाट मोकळी करून देते.

इथे अनेकांना ॲक्युपंक्चर आठवेल. सुई तीच, विचार वेगळा. ॲक्युपंक्चर हजारो वर्षांच्या चिनी वैद्यकातून आलं. त्यात शरीरातल्या प्राणशक्तीच्या वाहिन्यांवर ठरलेले बिंदू असतात. ड्राय नीडलिंग गेल्या शतकातल्या स्नायू आणि मज्जातंतूंच्या अभ्यासातून आलं. त्यात बिंदू आधी ठरलेला नसतो, बोटांनी शोधावा लागतो. चिनी सुई भारतात रुजली त्या गोष्टीला महाराष्ट्राची किनार आहे. १९३८ साली युद्धग्रस्त चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस १९४२ साली तिथेच वारले. त्यांचे सहकारी कलकत्त्याचे डॉ. बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर त्यांनी ते भारतात सुरू केलं.

सुईची हद्द

ज्या गोष्टीचं नवल वाटतं तिची हद्द सांगणं हेही प्रेमाचंच काम आहे.

ट्रिगर पॉइंटच्या कल्पनेवर गंभीर आक्षेप आहेत. दोन तज्ज्ञांना एकाच रुग्णाची गाठ शोधायला सांगितली तर त्यांची बोटं दर वेळी एकाच जागी पडत नाहीत. २०१५ साली क्विंटनर, कोहेन आणि बोव्ह यांनी ही सगळी उपपत्तीच तपासून तिचा पाया कच्चा असल्याचं लिहिलं. फडफड उठलीच पाहिजे का, याबद्दलही आता एकमत नाही. फिजिओथेरपिस्टनी दिलेल्या ड्राय नीडलिंगच्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेतला गेला. वेदना कमी होते, पण पुरावा अगदी कमी ते मध्यम दर्जाचा आणि मुख्यतः पहिल्या बारा आठवड्यांपुरता आहे, असा त्याचा सूर होता. दीर्घकाळ काय होतं ते त्यातून ठरलं नाही. म्हणून जाणता फिजिओथेरपिस्ट सुईवर थांबत नाही. सुईनं जी मोकळीक मिळते, तिचा उपयोग करून तो व्यायाम शिकवतो, ताणायला लावतो, काम करायची ढब बदलायला सांगतो.

सुई टोचताना काय होतं तेही माहीत असावं. आयर्लंडमध्ये ३९ फिजिओथेरपिस्टनी ७,६२९ वेळा केलेल्या उपचारांची नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली. साधारण पाचातल्या एका वेळी किरकोळ त्रास झाला: काळंनिळं पडणं, रक्ताचा थेंब, टोचताना दुखणं. गंभीर इजा एकही नव्हती. पण गंभीर इजा अशक्य नाही. खांद्याच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंखाली फुप्फुस असतं. अजाण हातानं सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. सुई घेतल्यावर काही तासांत छातीत कळ, दम लागणं, कोरडा खोकला असं झालं तर थेट रुग्णालय गाठावं. दुसऱ्या दिवशी सुईची जागा ठणकणं मात्र नेहमीचं आहे. ते एक-दोन दिवसांत जातं.

म्हणून काही गोष्टी विचारूनच घ्याव्यात. समोरच्यानं फिजिओथेरपीची पदवी घेतली आहे ना, आणि या सुईचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे ना? सुई तुमच्यासमोर नव्या सीलबंद पाकिटातून निघाली ना? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील, त्या जागी जंतुसंसर्ग असेल, सुईची भीती वाटत असेल, तर तसं आधी सांगावं.

आणि सगळ्याच कळा स्नायूच्या नसतात. छातीत दाबल्यासारखं होऊन डावा हात किंवा जबडा दुखत असेल, घाम फुटत असेल, तर तो हृदयाचा झटका असू शकतो. तिथे शेक, मालिश, सुई यांत एक मिनिटही घालवू नये. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पायातली ताकद जात असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावं. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा वेळी दूर असलं तरी ते गाठण्यातच शहाणपण आहे.

सेकंदाचा पाचवा भाग

आता शेवटचं नवल, आणि ते सुईचं नाही.

नॉर्वेतल्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास पॅकिंगचं काम करणाऱ्या स्त्रियांच्या खांद्यावर विद्युतअग्रं लावून स्नायूची हालचाल दिवसा कामात असतानाच नोंदवली. काम सारखंच, हातांचा वेग सारखाच. तरी काहींचा खांदा दुखत होता आणि काहींचा नाही. फरक सापडला तो फटींमध्ये. ज्यांचा खांदा बरा होता त्यांच्या नोंदीत अधूनमधून रेघ खाली येऊन जवळजवळ शून्याला टेकत होती. स्नायू क्षणभर पूर्ण सैल पडत होता. ज्यांचा खांदा दुखत होता त्यांच्या नोंदीत अशा फटी कमी होत्या. आणि फट म्हणजे किती? ०.२ सेकंदापासून पुढे. सेकंदाचा पाचवा भाग. पापणी लवायला लागतो साधारण तेवढाच वेळ.

तेवढ्यात काय होत असेल? दबलेल्या रक्तवाहिनीतून रक्त पुढे सरकत असेल, एटीपीचे रेणू मायोसिनच्या मुंडक्यांपर्यंत पोचत असतील, कॅल्शियम कोठारात परतत असेल. सोडायला जी ताकद लागते, ती तेवढ्या फटीतून आत येत असेल.

कोरडी सुई आवळून बसलेल्या स्नायूत अशी एक फट पाडते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा हजार बोंडं असतील आणि एकही फट नसेल, तर सुईनं किती वेळा पुरं पडायचं? ज्यांच्या शेतात ही बाई वेचते, ज्यांच्या घरात ती राबते, त्या सगळ्यांनी हे समजून घ्यायला हवं. बांधावर सावली, पाण्याचा गडू, दुपारचा थोडा आडवं व्हायचा वेळ या कृपेच्या गोष्टी नाहीत. त्या स्नायूच्या गरजा आहेत. आणि किलोवर मजुरी असली तरी एवढं तर दर बाईला करता येईल: तास संपला की सरळ उभं राहावं, ओटी सैल करावी, खांदे एकदा कानांपर्यंत उचलून मग दोन्ही हात खाली सोडून द्यावेत, अगदी निर्जीव झाल्यासारखे, दोन-तीन श्वास.

तेवढ्यानं कापसाचं वजन कमी भरणार नाही. पण सकाळपासून सगळ्यांच्या आधी कामाला लागलेल्या त्या लहान तंतूला, दिवसात पहिल्यांदा, धरलेलं सोडायला उसंत मिळेल.